पाव्हण्यांचा कार्बोरेटर

"चांगला हाय की, पाव्हणं," आप्पा म्हणाले, आणि मला कळलं की कार्बोरेटर कामाचा नाही.

तो नवाकोरा कार्बोरेटर त्यांच्या तळहातावर होता. चकचकीत, जड, आणि तोंड एवढं मोठं की आत लिंबू जावं. वीरधवल, माझा नवरा, बाकाला टेकून हाताची घडी घालून उभा होता. निकाल आधीच माहीत असलेल्या हुशार मुलासारखा. पुण्याहून मागवला होता त्यानं, महिनाभर व्हिडिओ बघून.

"चौतीस मिलिमीटर तोंडाचा आहे, मामा. जुना अठ्ठावीसचा होता. एवढी हवा आत गेल्यावर गाडी कशी उठंल बघा."

"व्हय. उठंल की."

हेच दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर आप्पांनी काय केलं असतं, ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. दोन वर्षांमागे सांगलीचे एक दाताचे डॉक्टर असाच मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर घेऊन आले होते. आप्पांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "डॉक्टर, म्हशीचं तोंड बसवलं म्हणून शेळी काय म्हशीएवढं खाती व्हय? उचला ह्ये. शोकेशीत ठेवा, पाव्हण्यारावळ्यास्नी दावायला बरं हाय." डॉक्टर हसत उचलून गेले आणि आठ दिवसांनी जुनाच बसवून घ्यायला परत आले.

माझे वडील आप्पासो मिस्त्री. तासगावात घरापुढच्या पत्र्याच्या शेडात अडतीस वर्षं ते गाड्या दुरुस्त करतायत. पोट भरतं ते द्राक्षबागांच्या फवारणीच्या पंपांवर, पण नाव झालं ते कार्बोरेटरमुळं. सातारा, कराड, सांगली, जिथं जिथं कुणी आजोबाची गाडी धुऊनपुसून ठेवली आहे, तिथला कार्बोरेटर कधी ना कधी कापडात गुंडाळून आप्पांच्या बाकावर येतो. येणारा कितीही मोठा माणूस असो, तो आप्पांच्या शिव्या खाऊन जातो. त्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही म्हणतात.

पण वीरधवल जावई. आणि जावयाला नाही म्हणायचं नसतं.

पाच वर्षं मी हे बघते आहे. वीरधवल शेडाच्या दारात आला की आप्पा हातातलं काम टाकून उभे राहतात. चिंधीला हात पुसतात. स्वतःची खुर्ची पुढं करतात. तीस वर्षांनी लहान असलेल्या माणसाला "या पाव्हणं, बसा पाव्हणं" करतात. वीरधवल वाईट नाही. त्यानं कधी आप्पांना उभं राहायला सांगितलं नाही. पण बसा असंही कधी सांगितलं नाही.

गाडी माझ्या आजेसासऱ्यांची. ते फौजेत होते, तिथल्या लिलावातली जुनी बुलेट त्यांनी रहिमतपूरला आणली होती. वीस वर्षं ती गोठ्यात पडून होती. वीरधवलला तिचं वेड लागलं आणि दिवाळीपासून ती आप्पांच्या शेडात आली. आप्पांनी इंजिन पार उघडलं. सिलिंडर मोठा केला, उंच डोक्याचा पिस्टन बसवला, म्हणजे दाब वाढतो आणि ताकद वाढते. दोन महिने बाकीची कामं मागं ठेवून त्यांनी ते इंजिन उभं केलं. फक्त कार्बोरेटर राहिला होता. तो पाव्हण्यांच्या पसंतीचा.

"पेट्रोल कंचं घालनार, पाव्हणं?" आप्पांनी विचारलं. सहज विचारल्यासारखं. मी माझ्या लेकीची, शिवांजलीची वेणी घालत होते, माझे हात थांबले.

"पंपावरचंच. वीस टक्के इथेनॉलचं," वीरधवल म्हणाला. "लोक उगाच बोंबलतात त्याच्या नावानं. ऑक्टेन जास्त असतं त्याचं. आपला पिस्टन उंच, दाब जास्त, त्याला तेच पाहिजे. शिवाय आमच्याच उसाचं आहे, मामा. ऊस कारखान्याला, कारखान्याचं इथेनॉल पंपाला, पंपावरनं परत आमच्या बुलेटात. घरचं दूध घरच्याच वासराला."

तो अर्धा बरोबर होता. चिडायला होतं ते अशा अर्ध्या बरोबर माणसांमुळं. पूर्ण चुकणाऱ्याला निदान कुणीतरी अडवतं.

उरलेलं अर्धं मला माहीत होतं. मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंय, पण हे कॉलेजात शिकले नाही, या बाकावर शिकले. इथेनॉल येताना स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला आता जास्त पेट्रोल लागतं. आणि पेट्रोल आत जातं ते जेटमधून. पितळेचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, मधे केसासारखं भोक. ते भोक बारीक राहिलं की इंजिन उपाशी चालतं, तापतं. सपाटीला निभावतं. घाटात ॲक्सिलरेटरला पूर्ण पीळ दिला की पिस्टन फुगून सिलिंडरमधे अडकतो आणि मागचं चाक चालता चालता जाम होतं. माझ्या लहानपणी आप्पा एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचे: "पेट्रोल कुठलंच वाईट नसतंय. त्याला त्याच्या मापाचं भोक पायजे."

"मग जेट कितीचा हाय ह्यात?" आप्पांनी विचारलं.

"एकशे तीस. पुण्याच्या माणसानं सेट करून दिलाय, तेवढ्याला हात लावू नका. त्याच्या चॅनलला दोन लाख लोक आहेत."

आप्पांचा हात जेटच्या डब्याकडं गेला होता. तिथं एकशे पंचेचाळीसचा, मोठ्या भोकाचा होता, मी सांगू शकते तो कुठल्या कप्प्यात होता. हात डब्याच्या झाकणावर टेकला आणि परत आला.

"दोन लाख," आप्पा म्हणाले. "मग बराबर हाय."

"आणि रविवारी टाकीवर कोण बसणार?" वीरधवल शिवांजलीकडं वळला.

"मी," ती म्हणाली. साडेतीन वर्षांची आहे ती. गेले पंधरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. साताऱ्यात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, समर्थ मंदिराच्या चौकातून निघून यवतेश्वरचा घाट चढून वर. वीरधवल फेटा बांधणार, शिवांजली नऊवारी नेसून पुढं टाकीवर बसणार. नऊवारी शिवूनही झाली होती.

कार्बोरेटर बसला. वीरधवल गाडी घेऊन मणेराजुरीच्या रस्त्याला गेला. आप्पांनी सांगितलं होतं, येताना फुल्ल ओढत या आणि दारासमोर इंजिन बंद करून क्लच दाबून नुसते घरंगळत आत या. कार्बोरेटरवाल्यांची ही रीत. तसं आणलं की पूर्ण पिळातलं इंजिन आत कसं जळत होतं ते स्पार्क प्लगच्या रंगावरून दिसतं. चहाचा रंग आला तर बरोबर. काळा आला तर पेट्रोल जास्त. पांढरा आला तर इंजिन उपाशी.

वीरधवल घामानं डबडबून, हसत आला. "मामा, काय ओढते गाडी." आईनं आतून चहाला हाक मारली आणि तो आत गेला.

आप्पांनी प्लग काढला. फडक्यात धरून उजेडाकडं केला. मी त्यांच्या खांद्यामागं उभी होते. प्लग पांढरा होता, नुसता पांढरा नाही, भाजलेल्या चुन्यासारखा. आणि त्याच्या टोकावर चमकीचे दोन ठिपके होते. ते काय असतात ते मला माहीत आहे. तो पिस्टन असतो. वितळायला लागलेला पिस्टन.

आप्पांनी प्लग फडक्यात गुंडाळला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि दुसरा बसवायला घेतला.

"आप्पा, पांढरा आहे."

"गरम हाय आजून. चल, च्या घे."

"मला दिसलं ते."

ते पान्यानं प्लग आवळत राहिले.

"त्याच्यावर माझी पोरगी बसणार आहे, आप्पा. टाकीवर. घाटात."

"मग तू सांग की. तुझा नवरा हाय."

"माझं कोण ऐकतं तिथं?"

हे खरं होतं आणि त्यात थोडा दोष माझाच होता. मी घाबरते. शिवांजली झाल्यापासून जास्तच. गॅसचा कॉक तीनदा बघते. पर्समधे थर्मामीटर असतो. झोपलेल्या पोरीच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघते, अजूनही. सासूबाई सगळ्यांना सांगतात, "आमच्या पल्लवीला ढग दिसला की पूर दिसतो." इतक्यांदा "नको" म्हटलंय मी, की त्या शब्दाला आता कुणी वळूनसुद्धा बघत नाही.

"तुमचं ऐकतील," मी म्हटलं. "तुम्ही मिस्त्री आहात."

आप्पांनी पाना खाली ठेवला. "दुसऱ्यास्नी मिस्त्री, बाय. त्यांच्यापुढं मी पोरीचा बाप हाय."

मला त्यांचा इतका राग आला की मी शिवांजलीला उचलून सरळ घरात गेले. अडतीस वर्षं अख्ख्या जिल्ह्याला तोंडावर बोलणारा माणूस. डॉक्टरला बोलणारा, पुढाऱ्याच्या पोराला गाडीसकट हाकलून देणारा. आणि माझ्या एका लग्नानं त्याची जीभ गेली.

चहाच्या वेळी त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. "पाव्हणं, पोरगीला कशाला घेताय पुढं? ऊन लागंल तिला."

"जानेवारी आहे, मामा."

"न्हाई, वारं बी असतंय घाटात."

"स्वेटर घालू की."

"मग झालं," आप्पा म्हणाले, आणि बशीत चहा ओतला. पिस्टन वितळतोय, आणि हा माणूस ऊन आणि वाऱ्याच्या गोष्टी करतो.

रहिमतपूरला परत येताना बुलेट पिकअपच्या मागं बांधली होती. विट्याच्या पुढं मी वीरधवलला सगळं सांगितलं. प्लग पांढरा होता, जेट बारीक आहे, इथेनॉलला जास्त लागतं. शांतपणे सांगितलं, आवाज न चढवता, कारण माझा आवाज चढला की तो ऐकायचं बंद करतो.

"मामा काही म्हणाले?"

"नाही. ते तुम्हाला कसं म्हणतील?"

"म्हणजे अडतीस वर्षांच्या मिस्त्रीला काही दिसलं नाही आणि तुला दिसलं." तो हसला. रागावला नाही, हसला. "पल्लवी, अगं बी.एस्सी. झालीस म्हणून सगळीकडं ॲसिड दिसायला नको. मामांनी स्वतः बसवलाय कार्बोरेटर. गडबड असती तर त्यांनी बसवला असता का?"

आप्पा गप्प बसले होते, आणि ते गप्प बसणंच आता माझ्याविरुद्धचं प्रमाणपत्र झालं होतं.

त्या आठवड्यात मी तीनदा म्हटलं. शिवांजलीला नेऊ नका. पहिल्यांदा वीरधवल म्हणाला, हो गं, बघू. दुसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आजेसासऱ्यानं आमच्या पोरांना त्याच गाडीवरनं औंधच्या यमाईला नेलंय, जावळाला. काय झालं त्यास्नी? हत्तीएवढी झाली." तिसऱ्यांदा कुणी उत्तरच दिलं नाही. शनिवारी मी आप्पांना फोन लावला.

"येतो मी उद्या," ते म्हणाले.

"येऊन काय करणार? ऊन लागंल म्हणून सांगणार?"

"येतो," एवढंच परत म्हणाले, आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी चौकात चाळीसेक गाड्या उभ्या होत्या. येझदी, राजदूत, बुलेट, दोन लॅम्ब्रेटा. फेटे, गॉगल, धूर, एकमेकांचे फोटो. आप्पा पहाटेच्या एसटीनं आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्यांना बघताच निम्मे लोक गाड्या सोडून आले. "आप्पा मिस्त्री आले." कुणी पाया पडलं, कुणी हात धरून आपल्या गाडीकडं ओढत नेलं, जरा हिचा आवाज ऐका म्हणून. मेळाव्याचे प्रमुख धैर्यशीलदादा, सगळ्या साताऱ्यात ज्यांच्या घरांच्या योजना उभ्या आहेत ते, आप्पांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "ह्या माणसानं शिव्या घातल्या नाहीत तर माझी येझदी चालू होत नाही." सगळे हसले. आप्पाही हसले. पाच मिनिटं ते त्यांच्या शेडात असतात तसे होते.

मग वीरधवलनं शिवांजलीला उचललं आणि टाकीवर बसवलं.

मी पुढं झाले आणि तिला उतरवलं. विचार करून नाही. माझे हात गेले आणि ती माझ्या कडेवर आली. ती रडायला लागली.

"पल्लवी," वीरधवल दात आवळून म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत. ती बसणार नाही."

"वहिनी, काही होत नाही हो," शेजारचा एकजण म्हणाला. "आप्पांनी बांधलेलं इंजिन आहे. डोळे मिटून बसवा."

शिवांजली हात पसरून गाडीकडं झुकत होती, नऊवारीचा काष्टा विस्कटला होता. धैर्यशीलदादा आले. आणखी दहा-बारा जण आले. फोन वर झालेले मला दिसले. वीरधवलचं तोंड लाल झालं होतं. महिनाभर या सगळ्यांच्या ग्रुपवर त्यानं त्या कार्बोरेटरचे फोटो टाकले होते, पुण्याच्या माणसाचं नाव, चौतीसचा आकडा, सगळं.

"मामा," तो मोठ्यानं म्हणाला, "तुम्हीच सांगा हिला. काही होणार आहे का?"

सगळे आप्पांकडं वळले. आता आडून बोलायला जागा नव्हती. ना ऊन, ना वारं.

आप्पा माझ्याकडं बघत नव्हते. ते शिवांजलीच्या पायांकडं बघत होते. तिनं नवे पैंजण घातले होते आणि ती रागानं पाय झाडत होती.

"व्हनार हाय," आप्पा म्हणाले.

शेजारच्यानं हात लांबवून आपल्या गाडीचं इंजिन बंद केलं.

"घाटात इंजिन धरंल, चाक जाम हुईल. चूक माझी हाय," आप्पा म्हणाले. "जेट मी बारका घातला. पाव्हणं म्हनत हुतं मोठा घाला, इथेनॉलला लागतोय. त्यांचं बराबर हुतं. मीच ऐकलं न्हाई."

ऐकलेलं डोक्यात शिरायला मला वेळ लागला. सगळं तेच होतं, जेट, इथेनॉल, मोठा, बारका. फक्त माणसं उलटी केली होती.

आप्पांनी खिशातून फडकं काढलं, तो पांढरा प्लग उघडून हातावर धरला. "बगा. असा जळतोय. मला तवाच कळाय पायजे हुतं."

प्लग या हातातून त्या हातात गेला. ज्यांना कळत होतं त्यांनी मान हलवली, ज्यांना कळत नव्हतं त्यांनीही. कुणीतरी मागून हळू म्हणालं, "वय झालं आता." कुणीतरी चुकचुकलं. धैर्यशीलदादांनी प्लग परत दिला आणि हसत, अगदी प्रेमानं विचारलं, "आप्पा, माझी पण गेल्या महिन्यात तुम्हीच केलीय ना? का मी पण उतरू?"

पुन्हा सगळे हसले. पण तीन-चार जण आपापल्या गाडीपाशी जाऊन कार्बोरेटरकडं वाकून बघायला लागले. मी बघितलं ते.

मी वीरधवलकडं बघितलं. त्याला माहीत होतं. जेट कितीचा, कुणी आणला, कुणी हात लावू नका म्हटलं, सगळं त्याला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. तो फेट्याचा शेमला सारखा करत होता. मग त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "असू दे, मामा. होतं कधी कधी."

त्यानं त्यांना माफ केलं.

"आप्पा, खोटं का बोलताय?" मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जेट तुम्ही नाही घातला. तो पुण्याहून बसवून आला होता. यांनी हात लावू दिला नाही तुम्हाला."

आप्पा लोकांकडं बघून हसले. "पोरगी हाय माझी. बापाची बाजू घेनारच की ती."

आणि लोक समजून हसले. घाबरट वहिनी, आता बापावर माया करणारी वहिनी. पाच वर्षांत पहिल्यांदा मी चारचौघांत खरं बोलले होते, आणि माझ्या बापानं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

शिट्टी झाली. गाड्या एकेक करून निघाल्या. आप्पा रस्त्यातच खाली बसले, इस्त्रीच्या सदऱ्यानं, गुडघे मातीत टेकून. चौतीसच्या कार्बोरेटरची तळाची वाटी सोडली, आतलं पेट्रोल हातावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी वरच्या खिशातून कागदाची पुडी काढली. एकशे पंचेचाळीसचा. आणलाच होता त्यांनी. दहा मिनिटांत जेट बदलून झाला.

"जावा, पाव्हणं. आता गाठताल सगळ्यास्नी. तोंड जरा मोठं हाय, वळणावर एकदम पिळू नगासा, गुदमरंल, दमानं वाढवा."

हे त्यांनी किती सहज सांगितलं. काम असं सांगायचं असतं. हेच आठ दिवसांपूर्वी शेडात सांगता आलं असतं.

वीरधवलनं किक मारली. शिवांजलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला न्यायचं नाव काढलं नाही.

"मामा येतील का घरी, जेवायला?" त्यानं मला विचारलं. आप्पा दोन हातांच्या अंतरावर होते, तरी मला विचारलं.

मी गाडीच्या हँडलवर हात ठेवला. "वर सगळे थांबले असतील. तिथं सांगा जेट कुणाचा होता ते. सगळ्यांसमोर, इथं झालं तसं. मग जेवणाचं बघू."

"पल्लवी, आता विषय संपलाय."

"तुमचा संपलाय."

"मामांनीच स्वतः म्हटलं. मी काही म्हणायला लावलं का?"

"नाही. तुम्ही काहीच केलं नाही. तेच सांगा वर."

त्यानं गाडी गिअरात टाकली. "बघू," म्हणाला, आणि गेला.

त्यानं वर काय सांगितलं ते मी त्याला अजून विचारलेलं नाही, कारण उत्तर मला दिसतं आहे. जानेवारीनंतर आता पाऊस आला. त्या चाळीस जणांपैकी एकाचाही कार्बोरेटर तासगावला आलेला नाही. धैर्यशीलदादांनी कोल्हापूरचा कुणी तरुण मिस्त्री शोधलाय म्हणे. आप्पा फवारणीचे पंप करतात. विचारलं तर म्हणतात, "बरं हाय की, डोस्क्याला ताप न्हाई." आणि वीरधवल तिकडं गेला की अजूनही खुर्ची पुढं करतात.

पण त्या सकाळी हे काही मला माहीत नव्हतं. चौक रिकामा झाला होता. आप्पा रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकले होते, पेट्रोलचे हात मातीत चोळून कोरडे करत. शिवांजली रडून दमली होती, ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी उभीच होते. बसले असते तर बोलले असते, आणि जे बोलले असते ते परत घेता आलं नसतं.

घाटातून एकाच गाडीचा आवाज येत होता. बाकीच्या केव्हाच वर गेल्या होत्या. आप्पांनी मान थोडी तिरकी केली होती.

"दुसऱ्यात घातली," ते म्हणाले. माझ्याशी नाही, शिवांजलीशीही नाही.

आवाज डोंगराला लागून परत यायचा, वळणाआड दबायचा, पुन्हा मोकळा व्हायचा. भरीव, एकसारखा आवाज. इतकं सुंदर इंजिन मी त्यांच्या हातून झालेलं ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते कळत होतं, त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. ऐकायला तिथं आम्ही दोघीच होतो.

मग वरच्या वळणावर आवाज एकदम तुटला.

आप्पा अर्धवट उठले. एक हात कठड्यावर, एक हात पुढं, जणू तिथून घाटातली गाडी धरता येणार होती. चार-पाच क्षण नुसता वारा होता. मग गाडीनं परत श्वास घेतला, आवाज धरला, वाढत वाढत डोंगरापलीकडं गेला.

"तोंड मोठं हाय," आप्पा म्हणाले, आणि हळूच परत खाली बसले.

"कुणाचं?" शिवांजलीनं विचारलं.

आवाज कधीच संपला होता. तरी आप्पा बराच वेळ मान तिरकी करून तिकडंच बघत राहिले.